भोक मोठं पडतं म्हणून मशीन विकायचं नसतं

पीटरबरो, दक्षिण ऑस्ट्रेलिया,
रविवार दुपार

आदरणीय ग्वेंडाताई,

नमस्कार. तुमचं पत्र आणि लिंबाच्या मुरंब्याची बरणी दोन्ही शुक्रवारी एकाच खोक्यातून मिळाली. बरणी फुटली नव्हती, फक्त झाकण सैल झालं होतं, त्यामुळे पत्राचा दुसरा कागद पूर्ण गोड झाला आणि मी बाजारातून परत येईपर्यंत त्याला मुंग्या लागल्या. (मशीन का विकावं याची कारणं त्याच कागदावर होती, असं पहिल्या आणि तिसऱ्या कागदावरून वाटतं. मुंग्यांनी ती लक्षपूर्वक वाचली असावीत, कारण त्या बराच वेळ तिथेच होत्या.) तुमचे गुडघे कसे आहेत? समुद्राच्या हवेने माझी प्रकृती सुधारेल असं तुम्ही लिहिलं आहे, आणि खाली त्याच हवेने तुमचे गुडघे धरतात असंही लिहिलं आहे. मांजराचे दात काढल्यावर आता त्याला काय खायला देता? आमच्याकडे हवा कोरडी आहे, माशा वेळेवर आल्या आहेत, आणि माझी प्रकृती चांगली आहे. हे शेवटचं वाक्य मी दोनदा लिहिलं तरी तुम्हाला पटणार नाही, म्हणून एकदाच लिहिते.

एरलच्या अंत्यविधीनंतर शेडमध्ये जमलेले बिअरचे रिकामे डबे तुम्ही दोन पोती भरून तुमच्या गाडीतून नेलेत, आणि व्हिक्टर हार्बरच्या डबे परत घेणाऱ्या माणसाने तुमच्याशी हुज्जत घातली, हे वाचून वाईट वाटलं. डब्यामागे दहा सेंट देताना माणसाने इतकं काटेकोर असू नये. त्याविषयी पुढे लिहिणार आहे.

आधी मुख्य गोष्ट. त्या दिवशी स्वयंपाकघरात तुम्ही माझा हात धरून मला एक गोष्ट कबूल करायला लावलीत. माझ्या दुसऱ्या हातात सॉसेज रोलचं ताट होतं, बाहेर माणसं वाट पाहत होती, आणि अशा वेळी माणूस कशालाही हो म्हणतो. पण मी हो म्हटलं हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. ब्रॉनी किल्डेची बुशिंगं मला एकटीला नीट करता आली नाहीत, तर शेडमधलं एरलचं मशीन विकायचं, घर विकायचं आणि तुमच्या शेजारच्या त्या दोन खोल्यांत राहायला यायचं. ब्रॉनी किल्डे तुम्हाला आठवत असेल: उंच, उन्हाने भाजलेली, अंत्यविधीला रानातल्या बुटांसकट आली होती ती. युंट्याच्या वाटेवर तिचं मेंढ्यांचं रान आहे, आणि त्या रानात पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या आहेत. त्यांच्या पंपांत दांडा वर-खाली होतो, तो ज्या पितळी नळकांड्यातून सरकतो ते बुशिंग. ती बुशिंगं एरल करून द्यायचा. उन्हाळा तोंडावर आहे, आणि पाणी चढलं नाही तर मेंढ्या कोणाला पत्र लिहीत नाहीत, मरतात.

बुशिंगांची भोकं मोठी पडतात ही बातमी तुम्हाला वॉली नोस्केने फोनवर दिली. त्याबद्दल मी वॉलीला काहीही बोलले नाही. शनिवारी तो आला तेव्हा त्याला केक दिला नाही, एवढंच. त्या बातमीवर तुम्ही लगेच ॲडलेडच्या जुन्या मशीनच्या व्यापाऱ्याला गुरुवारी पाठवायचं ठरवलंत. तुमचा उरक पाहून मला नेहमी आश्चर्य वाटतं. पण ताई, मशीन मी विकणार नाही. का ते सविस्तर सांगते. पत्र लांबणार आहे, तेव्हा मांजराला आधी बाहेर सोडा.

तुमची अशी समजूत आहे की शेडमध्ये तुमचा भाऊ काम करायचा आणि मी चहा न्यायचे. चहा मी नेत असे हे खरंच आहे. पण मशीन आकड्यांवर आपोआप चालतं, आणि त्याने कुठून कुठपर्यंत जायचं, कोणत्या वेगाने जायचं, कधी मागे यायचं, ते सगळे आकडे मी लिहिलेले असत. शाळेतले गणिताचे पेपर तपासून झाले की त्याच टेबलावर, त्याच पेनाने. एरलला आकड्यांचा कंटाळा होता. त्याला धातू कळायचा. कोणतं पितळ हत्याराला ओढून घेतं, कोणतं चुरा होऊन पडतं, हे तो आवाजावरून सांगायचा. आम्ही दोघं मिळून एक पुरा कारागीर होतो. आता त्यातला अर्धा उरला आहे, हे मला मान्य आहे. अर्धा म्हणजे शून्य, हे मात्र मी कोणत्याही विद्यार्थ्याला कधी बरोबर दिलेलं नाही.

तर मी तेच आकडे घातले, तेच ड्रिल लावलं, तेच पितळ चकच्या फिरत्या पकडीत धरलं आणि बटण दाबलं. बाहेरून बुशिंग सुंदर झालं. आत ड्रिलपेक्षा भोक जवळजवळ अर्धा मिलिमीटर मोठं, आणि तोंडाशी त्याहून मोठं, तुतारीसारखं. (अर्धा मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. तुमच्या कवळीत अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई आली होती तेव्हा तुम्ही तीन पानांचं पत्र लिहिलं होतं.) एरलची पद्धत अशी की आधी जरा बारीक ड्रिल घालायचं आणि मग रीमरने शेवटचा केसभर काढून माप आणायचं. पण ड्रिलनेच रीमरपेक्षा मोठं भोक पाडलं, तर रीमर आत जातो, हवा खातो आणि बाहेर येतो. ब्रॉनी ट्रक घेऊन आली, तिने पंपाचा दांडा बुशिंगमध्ये टाकून हलवला, खडखड ऐकली आणि माझ्याकडे पाहिलं.

"नेरिडा, हे बुशिंग आहे की गाईच्या गळ्यातली घंटा?"

मग तिला वाईट वाटलं, तिने टोपी काढली आणि घाई नाही असं म्हणाली. घाई होती. तिची एक चक्की तेव्हाच बंद पडलेली होती आणि ती टँकरने पाणी नेत होती.

यानंतर जे झालं त्याला मी दोष देत नाही, कारण हा गाव लहान आहे आणि लोकांना काळजी आहे. वॉली आला. रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस तुम्हाला ठाऊक आहे. "आम्ही रेल्वेत असताना" असं म्हटल्याशिवाय त्याला बिस्किटसुद्धा चहात बुडवता येत नाही. त्याने ड्रिल उजेडात धरलं आणि सांगितलं की एक धार दुसरीपेक्षा लांब झाली आहे, म्हणून ड्रिल एका अंगाला रेटतं आणि भोक मोठं पडतं. हे कारण खरोखर असतं, मी ते नंतर पुस्तकातही पाहिलं. वॉलीने ड्रिल घरी नेऊन हाताने धार लावून आणलं. (रेल्वेत असताना तो डोळे मिटून धार लावायचा म्हणे. या वेळीही मिटले असावेत.) पुढचं भोक आधीच्यापेक्षा मोठं पडलं. मी पोर्ट पिरीहून कोरं ड्रिल आणलं. भोक पहिल्याइतकंच मोठं. तेव्हा वॉलीने मशीनवरची नजर काढून माझ्यावर लावली आणि हळूच म्हणाला की दुःखात हात थरथरतो, पोरी, त्यात लाज नाही.

ताई, यावर मला पहिल्यांदा राग आला. मी बटण दाबते आणि दार लावून घेते. आत माझा हात नसतो. माझा हात कितीही थरथरला तरी मशीनला ते कळायला मार्ग नाही. हे मी वॉलीला शांतपणे समजावलं. त्याने मान हलवली आणि जाऊन सगळ्या गावाला सांगितलं की नेरिडा अजून मान्यच करत नाही. त्यानंतर घराघरांतून दुखवट्याची कॅसेरोल यायला लागली, ओव्हनमध्ये शिजवलेल्या मटणाची झाकणबंद भांडी. मी एकटी बाई, आणि फ्रीजमध्ये सात घरांचं मटण. चर्चमधल्या भेट देणाऱ्या बाई आल्या, माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या की तुझ्या आयुष्यात केवढी पोकळी झाली आहे. मी म्हटलं, हो, चार दशांश मिलिमीटर जास्त, आणि तोंडाशी पाच. जाताना त्यांनीही कॅसेरोल ठेवलं.

मग मी मशीनच्या कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन केला. त्या माणसाने प्रेमाने विचारपूस केली. ड्रिल फार लांब बाहेर काढलं आहे का? काढलं होतं, आखूड केलं, तोंडाची तुतारी थोडी कमी झाली, भोक तसंच. आधी बारक्या ड्रिलने मधोमध खूण पाडता का? पाडते. चुरा आत अडकून भोकाला खरवडतो का? मधेमधे ड्रिल बाहेर काढून चुरा झाडते. थंड पाणी पुरेसं सुटतं का? माझ्या चपलांपर्यंत सुटतं. शेवटी त्याने विचारलं की ड्रिल फिरताना डुगडुगतं का. मी म्हटलं, बाबा, आमच्याकडे ड्रिल फिरत नाही, ड्रिल उभं असतं आणि पितळ फिरतं. लेथ आहे ही. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला आणि त्याने सगळे प्रश्न पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली.

त्याचा मात्र एक उपयोग झाला. "ड्रिल उभं असतं" हे माझं मलाच मोठ्याने ऐकू आलं. फोन ठेवल्यावर मी चहा घेतला आणि सातवीच्या मुलांना सांगायचे तसं स्वतःला सांगितलं: एका वेळी एकच गोष्ट बदल, बाकी सगळं जसंच्या तसं ठेव. ड्रिल सैल केलं, अर्धं वळवून पुन्हा पकडलं आणि भोक पाडलं. तेवढंच मोठं. ड्रिल वाकडं असतं, धार कमीजास्त असती, तर वळवल्यावर काहीतरी बदललं असतं. म्हणजे जुनं ड्रिल, वॉलीचं ड्रिल (त्याने स्वतःची भर घातली होती ती सोडून), कोरं ड्रिल, सगळी निर्दोष. दोष ते ज्या जागी उभं आहे त्या जागेत. पितळ ज्या मध्याभोवती फिरतं, बरोबर त्या मध्यावर ड्रिल उभं नाही. जरा बाजूला उभं आहे, आणि बाजूला उभं राहून आत घुसतं तेव्हा मधलं सोडून कडा खरवडत जातं. वॉली याला सेंटर आऊट असणं म्हणतो. रेल्वेत असताना त्याला हे पहिल्याच दिवशी सुचलं असतं, असं त्याने मला नंतर सांगितलं.

एरलचं काटा असलेलं ते मापाचं घड्याळ, केसभर फरकसुद्धा दाखवणारं, मी चकमध्ये पकडलं, त्याचं टोक ड्रिलच्या रिकाम्या होल्डरच्या आत टेकवलं आणि चक हाताने सावकाश फिरवला. काटा डोलायला लागला. दोन प्रकारची चूक निघाली. एक मागे-पुढे: ती किरकोळ होती आणि ती काढणं माझं काम, एक आकडा बदलला की होल्डर तेवढा सरकतो. मी बदलला. भोक थोडं लहान झालं. दुसरी वर-खाली: होल्डर मध्याच्या खाली बसला होता. आणि इथे माझं सगळं गणित थांबलं, कारण आमच्या मशीनला वर-खाली कळत नाही. तसा आकडाच त्यात नाही. होल्डर वर उचलायचा तर त्याच्या बुडाखाली हाताने काहीतरी सारायला हवं. मी होल्डरचे बोल्ट काढून बुडाखाली पाहिलं. स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ की एरलच्या शेडमध्ये ते शोभत नव्हतं.

आता माझ्या कात्रीविषयी. स्वयंपाकघरातली माझी कात्री कायम बोथट असते हे तुम्ही प्रत्येक भेटीत मला सांगत आला आहात, आणि मी प्रत्येक वेळी एरलवर तोंड टाकत आले आहे. संध्याकाळी तो पायरीवर बसून बिअरचा एक डबा प्यायचा, आणि कधीकधी डबा संपला की माझी कात्री घेऊन तो कापायचा. मी समजत होते की मासे पकडायची चकाकणारी आमिषं करतो. (इथून समुद्र किती लांब आहे, याचा मी कधी विचार केला नाही. बायका नवऱ्याच्या बऱ्याच गोष्टींचा विचार करत नाहीत, त्यामुळेच संसार होतात.) स्वच्छ बूड पाहत उभी असताना मला ते कापणं आठवलं. डब्याचा पत्रा कागदाइतका पातळ असतो आणि सगळीकडे सारखाच जाड असतो. त्याची घडी करून होल्डरखाली सारली की होल्डर तेवढाच वर येतो. एरलसारख्या कारागिरांना हे इतकं साधं वाटतं की ते कोणाला सांगतसुद्धा नाहीत. मी एवढी वर्षं आकडे लिहिले, आणि ते आकडे बिअरच्या डब्यावर उभे होते.

मग पत्रा गेला कुठे? मी वॉलीला विचारलं. तुम्हाला आठवत असेल की शेडमध्ये मंडळी जमायच्या आधी तुम्ही एरलचा मोठा फोटो मशीनवर लावायला सांगितलात, आणि ड्रिलचा होल्डर नेमका त्याच्या नाकासमोर येत होता. तुम्ही म्हणालात की हे काय, डुकराच्या थोबाडासारखं मध्ये आलं आहे, काढा ते. वॉलीने काढलं. दुसऱ्या दिवशी त्यानेच परत बसवलं. बुडाखालून काही पडलं का, या प्रश्नावर तो म्हणाला की पडलं असेल काहीतरी, पण त्या दिवशी खाली सगळा बिअरचा पत्राच होता, त्यातला कोणता कचरा आणि कोणता नाही हे देवालाही सांगता आलं नसतं. वॉलीचं हे बोलणं मला पटलं. मी त्याला केक दिला.

त्याने घरून मापाचा पोलादी पत्रा आणला, खास याच कामासाठी मिळतो तो, प्रत्येक तुकड्यावर जाडी लिहिलेली. योग्य वस्तू तीच आहे हे मला कळतं. तरी मी त्याला परत पाठवलं. या होल्डरखाली जे होतं तेच जाईल असं मी ठरवलं, आणि या ठरवण्यात तर्क शून्य आहे. गणित शिकवलेल्या बाईला आयुष्यात एकदा तरी ही सवलत मिळावी. मग मी पर्स घेतली आणि भर दुपारी एकटी पबमध्ये गेले. मी एरल प्यायचा त्याच बिअरचा एक डबा मागितला, पेल्यात नको म्हणाले, कारण मला डबा हवा होता. पबच्या मालकाला वाटलं मला पेल्याची लाज वाटते आहे. डबा रिकामा करणं भाग होतं आणि ओतून देणं मला बरं दिसेना, म्हणून मी तिथेच उभी राहून तो प्यायले. चव वाईट आहे. एरलने त्यात काय पाहिलं होतं, मला कळलं नाही. संध्याकाळपर्यंत आणखी दोन कॅसेरोल आली.

पत्रा कापायला माझीच कात्री घेतली. एक पदर घातला, काटा अर्धा डोलला. दोन पदर घातले, बोल्ट आवळले, चक फिरवला, आणि काटा जागचा हलला नाही. मी चक आणखी फिरवत राहिले. कामापुरतं एकदा फिरवणं पुरलं असतं. मग ड्रिल लावलं, पितळ पकडलं, दार लावलं, बटण दाबलं. भोक बरोबर पडलं. नंतर रीमर गेला, आणि या वेळी त्याला काम मिळालं. बाहेर येताना त्याच्या अंगावर पितळेची पीठासारखी भुकटी होती.

ब्रॉनी बुधवारी आली. तिने दांडा बुशिंगमध्ये उभा धरला आणि सोडला. तो पडला नाही; स्वतःच्या वजनाने, सावकाश, खालची हवा ढकलत उतरला. तिने तो उचलून पुन्हा सोडला. मग दुसरं बुशिंग घेतलं, तिसरं घेतलं. शेवटी ती म्हणाली, "यातलं एरलचं कोणतं आणि तुझं कोणतं, मला सांगता येणार नाही. बस झालं की मग." सगळी घेऊन ती गेली, आणि जाताना डिसेंबरसाठी तेवढीच पुन्हा सांगून गेली. मी तिला म्हटलं नाही, पण मला सांगता येतं. एरलच्या बुशिंगांची बाहेरची कड हाताला लागत नसे. तो ती शेवटी हाताने घासायचा, आणि मी ते आकड्यांत कधी लिहिलं नाही, कारण मला ते ठाऊक नव्हतं. ते मी आता शिकते आहे.

तुमचा व्यापारी ठरल्याप्रमाणे गुरुवारी आला. सभ्य माणूस आहे. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की मशीन खराब आहे आणि बाई हट्टी आहे, त्यामुळे तो अर्ध्या भावाची तयारी करून आला होता. मी त्याच्यासमोर एक बुशिंग केलं. त्याने त्यात स्वतःचं मापक घातलं, मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि भाव वाढवला. मी चहा वाढवला. त्याने पुन्हा भाव वाढवला, तेव्हा मी त्याला एक कॅसेरोल गरम करून दिलं आणि दुसरं बांधून दिलं, आणि ते बुशिंगही देऊन टाकलं. तो टेबलावरचे कागद दाबायला ते वापरणार आहे.

तेव्हा ताई, तुम्ही माझ्याकडून जे कबूल करून घेतलंत ते मी पाळलं आहे. बुशिंगं मी एकटीने नीट केली आहेत. मशीन इथे राहील, मी इथे राहीन, आणि शेडच्या दारावर एरलचंच नाव राहील, कारण पाटी चांगली आहे आणि नवीन करायचं कारण नाही. यावर तुमचं म्हणणं काय असेल ते मला ठाऊक आहे. दुसऱ्या कागदावर होतं ना, ते मुंग्यांना विचारून घेईन.

गुडघ्यांना जपा. वाऱ्यात उभ्या राहू नका.

तुमची भावजय,
नेरिडा

ता. क. पबमध्ये मी उभ्याने बिअर प्यायले ही बातमी वॉलीकडून तुमच्यापर्यंत आली असेलच. ती खरी आहे. पुन्हा पिणार नाही असं मी म्हणत नाही, कारण पत्रा कधीतरी झिजेल.

ता. क. २. त्या दोन खोल्या मी कायमच्या घेणार नाही हे वर लिहिलं आहेच, आणि ते अंतिम आहे. पण जानेवारीत शेडच्या पत्र्याखाली उभं राहवत नाही. तेव्हा खोल्या रिकाम्या असल्या तर पंधरा दिवसांसाठी येईन म्हणते. परतीचं तिकीट आधी काढून येणार आहे, ते तुम्हाला आल्याबरोबर दाखवीन. येताना कॅसेरोल आणते.

ता. क. ३. आता त्या डबेवाल्या माणसाचं. तुम्ही तिसऱ्या कागदावर लिहिलं आहे की त्याने सगळे डबे घेतले, पण घडी घातलेले, कात्रीने कापलेले पत्र्याचे दोन तुकडे तुमच्या हातात परत दिले, हा डबा नाही म्हणून. आणि तुम्ही त्याला चांगलं सुनावून ते तुकडे गाडीच्या कप्प्यात टाकलेत, पुढच्या वेळी दुसऱ्या माणसाला देऊन बघायला. तुमच्या हातून काही चूक झाली असं मी अजिबात म्हणत नाही. त्या दिवशी इतके डबे होते की कोणीही तेच केलं असतं. पण तुम्ही कधी काही फेकत नाही हे मला माहीत आहे, आणि हे सगळं पत्र मी खरं तर एवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं. कृपा करून ते दोन तुकडे पाकिटात घालून पाठवा. पुसू नका. सपाट करू नका, घडी आहे तशी राहू द्या. वर तेलाचा डाग असेल, तोही असू द्या. मशीनला त्यांची गरज नाही. मी घातलेला पत्रा ठीक बसला आहे आणि भोक बरोबर पडतं आहे.

तरी पाठवा.